सटन हूची टेकाडे : वाळूने काय ठेवले आणि काय खाल्ले

डेबेनकाठी (धागाकर्ता)

इंग्लंडच्या पूर्वेला सफक परगण्यात, वुडब्रिज गावाच्या समोर डेबेन नदीच्या पलीकडल्या चढावर गवताने झाकलेली अठरा-वीस टेकाडे आहेत. त्यांतली बरीचशी शतकानुशतकांच्या नांगरटीने इतकी बसली आहेत की सावल्या लांब पडलेल्या वेळी पाहिल्याखेरीज ती डोळ्यांत भरत नाहीत. हेच सटन हू. मी जवळच राहत असल्यामुळे पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेणे हे माझे ठरलेले काम झाले आहे, आणि टेकाडांना फेरी घालून झाली की प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो : राजाचा सांगाडा कुठे ठेवला आहे? सांगाडा नाही, असे सांगितले की त्याचा चेहरा उतरतो. हा धागा त्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देण्यासाठी काढला आहे.

ज्याला पहिले टेकाड म्हणतात ते १९३९ च्या उन्हाळ्यात उघडले गेले. जमीन ईडिथ प्रिटी या विधवा बाईंची होती आणि खोदणारे बेसिल ब्राउन हे फारसे शालेय शिक्षण नसलेले, पण सफकची माती तळहातासारखी ओळखणारे गृहस्थ होते. मे महिन्यात त्यांना लोखंडी रिव्हेट, म्हणजे जहाजाच्या फळ्या जोडणारे खिळे, सापडले आणि त्यांच्या ओळी जिकडे जातील तिकडे माती हलक्या हाताने काढत गेल्यावर सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज उघडे पडले. उघडे पडले असे म्हणायचे, पण लाकूड एक कणही नव्हते. फळ्या केव्हाच कुजून गेल्या होत्या, त्यांच्या जागी घट्ट झालेल्या वाळूवर काळसर पापुद्रा होता आणि रिव्हेट मात्र जिथल्या तिथे होते. ब्राउन यांनी जहाज काढले नाही, जहाजाची जागा काढली, आणि तीही रेघ न मोडता, हे मला त्या सगळ्या सोन्यापेक्षा मोठे वाटते.

जहाजाच्या मध्यभागी लाकडी दालन उभारून त्यात सातव्या शतकाच्या पूर्वार्धात एका माणसाला ठेवले होते. त्याच्याबरोबर शिरस्त्राण, तलवार, ढाल, भाले, साखळ्यांचे चिलखत, सोन्याचे पट्ट्याचे बक्कल, खांद्यावरच्या बिजागरीच्या जोडपट्ट्या, थैलीचे झाकण, बायझंटाइन सम्राट अनास्तासियस याच्या काळचे शिक्के असलेले चांदीचे मोठे ताट, चांदीचे दहा वाडगे, कढया, रानबैलांच्या शिंगांचे पेले आणि एक तंतुवाद्य अशा कितीतरी वस्तू होत्या. मृतदेह मात्र नव्हता. त्यामुळे पुष्कळ वर्षे असा पक्ष होता की हे थडगे मुळातच रिकामे, केवळ स्मरणार्थ बांधलेले असावे. पुढे रासायनिक तपासणीत दालनाच्या त्या भागात फॉस्फेटचे (देह कुजल्यावर मातीत उरणाऱ्या क्षाराचे) प्रमाण वाढलेले आढळले, आणि आता बहुतेक अभ्यासक देह तिथे होता असेच मानतात. तिथली वाळू आम्लधर्मी आहे, शिवाय जहाजाचा तळ एखाद्या परातीसारखा पाझरणारे पाणी धरून ठेवत असे. अशा पाण्यात हाड टिकत नाही. कातडे, लोकर आणि लाकूड यांचेही तेच होते. लोखंडाचा गंजून गोळा होतो, चांदी बऱ्यापैकी तगते आणि सोने काल ठेवल्यासारखे निघते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ‘अँग्लो-सॅक्सन लोक (म्हणजे त्या काळचे इंग्लंडवासी) मृतांसोबत काय ठेवत’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण जी यादी वाचतो ती शोक करणाऱ्यांनी केलेली यादी नव्हे. ती वाळूने चाळून परत दिलेली यादी आहे. त्या दालनात गाद्या-गिरद्या, पडदे, कपडे आणि खाद्यपदार्थ यांचा पसारा किती असेल याचा अंदाज आपल्याला धातूला चिकटून राहिलेल्या चिमूटभर अवशेषांवरून करावा लागतो. लोखंड किंवा तांबे गंजताना त्याला टेकलेल्या कापडाचा धागान् धागा त्या गंजात उतरतो, आणि इंग्लंडभरच्या थडग्यांतल्या वस्त्रांविषयी आपल्याला जे माहीत आहे त्यातले फार मोठे ज्ञान अशा रीतीने ब्रोचच्या, म्हणजे वस्त्र अडकवायच्या शोभेच्या टाचणीच्या, पाठीवरून वाचलेले आहे. पुढची बाजू संग्रहालयात काचेआड मिरवते आणि काम पाठीमागची बाजू करते. तंतुवाद्याचे तर असे झाले की त्याचे थोडेसे तुकडे एका धातूच्या वाडग्यात पडून राहिले म्हणून वाचले. आधी त्याची चौकोनी हार्प म्हणून जुळणी झाली, आणि नंतर ते लायर होते हे उमगल्यावर पुन्हा नव्याने करावी लागली.

या विषयात रस असणाऱ्यांनी आपापली भर घालावी, आणि मी चुकत असेन तिथे जरूर थांबवावे.

खापरखुणा

उत्तम धागा. मुद्दा पटतो, तरी वाळूच्या एकटीच्या माथी सगळे मारणे न्याय्य नाही. चाळण्या अनेक आहेत आणि त्यांत चोराची चाळणी वाळूइतकीच मोठी आहे. १९३८ मध्ये ब्राउन यांनी त्याच माळावरची जी तीन टेकाडे आधी उघडली, त्या तिन्हींत त्यांच्यापूर्वी कोणीतरी जाऊन आलेले होते. पहिल्या टेकाडातही चोर उतरले होते. पण टेकाडाची पश्चिमेकडची बाजू मधल्या काळात कापली गेल्यामुळे दिसणारा मध्य खऱ्या मध्यापासून सरकला होता आणि त्यांचा खड्डा दालनाला चुकवून गेला. सतराव्या टेकाडाची गंमत याहून मोठी आहे. तिथे एकाच टेकाडाखाली शेजारी शेजारी दोन खड्डे होते, एकात तरुण पुरुष आणि दुसऱ्यात त्याचा घोडा. चोरांनी बरोबर मध्यावर खणले आणि ते दोन्हींच्या मधून खाली गेले. पुरातत्त्वज्ञ मार्टिन कार्व्हर यांच्या चमूला १९९१ मध्ये दोन्ही खड्डे अबाधित मिळाले.

१८६० सालचे एक वर्तमानपत्री वृत्त तर वाचवत नाही. त्या माळावरचे एक टेकाड उघडले असता जवळजवळ दोन बुशेल, म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तरेक लिटर मापाचे, लोखंडी ‘स्क्रू-बोल्ट’ निघाले आणि ते नाल करण्यासाठी लोहाराकडे पाठवले, असे त्यात नोंदले आहे. ते बोल्ट म्हणजे दुसऱ्या एका जहाजाचे रिव्हेट होते हे आज कोणीही सांगेल. एक अख्खे जहाज सफकच्या घोड्यांच्या पायांत गेले.

वाळूच्या बाबतीत मात्र प्रिटलवेलचा दाखला तुमच्या बाजूने आणि थोडा विरुद्धही आहे. एसेक्समध्ये साउथएंड येथे २००३ मध्ये रस्तारुंदीकरणाआधीच्या तपासणीत सुमारे चार मीटर चौरस लाकडी दालन सापडले. देहापैकी दातांच्या आवरणाचे कण तेवढे उरले होते. परंतु लाकूड कुजत असताना वाळू इतकी हळूहळू आत झिरपली की भिंतीतल्या खुंट्यांना अडकवलेली भांडी चौदाशे वर्षे तशीच लटकत राहिली. दालनाची मांडणी कशी होती, कोणती वस्तू हाताशी ठेवली होती आणि कोणती भिंतीवर होती, हे त्यामुळे कळले. वाळू खाते हे खरे, पण ती वस्तू जागेवरून हलू देत नाही, हेही तिच्या खात्यावर जमा करावे.

निवृत्त_ग्रंथपाल

चर्चा रोचक आहे, परंतु सटन हूच्या पहिल्या टेकाडात पूर्व अँग्लियाचा (सफक-नॉर्फक भागातल्या त्या काळच्या राज्याचा) राजा रेडवाल्ड पुरला आहे हे स्पष्टपणे म्हणायला धागाकर्ते का कचरतात हे समजत नाही. बीड या भिक्षूने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात रेडवाल्डची हकिगत आहे. केंटच्या दरबारी त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, घरी परतल्यावर पत्नीने व सल्लागारांनी त्याचे मन वळवले, आणि मग एकाच देवळात त्याने ख्रिस्तासाठी एक आणि जुन्या देवतांना बळी देण्यासाठी दुसरी अशा दोन वेदी ठेवल्या. आता त्या दालनातील सामग्री पाहावी. जहाजात पुरणे हा उघड जुना रिवाज. त्याच्या शेजारी ग्रीक लिपीत ‘सौलोस’ आणि ‘पौलोस’ अशी नावे कोरलेले दोन चांदीचे चमचे. बायबलातला एकच माणूस, धर्मांतरापूर्वीचा शौल आणि नंतरचा पौल! दोन वेदी ठेवणाऱ्या माणसाला यापेक्षा समर्पक थडगे कोणते असू शकेल? तो सुमारे ६२४-६२५ मध्ये वारला आणि नाणीही त्याच काळाकडे बोट दाखवतात. बीड ज्याला राजवस्ती म्हणतो ते रेंडलशम गावही तिथून काही मैलांवरच आहे.

डेबेनकाठी

ग्रंथपालसाहेब, कचरत नाही, फक्त पुराव्याच्या पुढे पाऊल टाकायचे नाही एवढेच. थडग्यात कोणाचे नाव नाही. रेडवाल्ड हा सर्वांत सबळ दावेदार आहे, आणि पैज लावायची वेळ आली तर मीही त्याच्याच नावावर लावीन. पण चमच्यांचा आधार फार पातळ आहे. दुसऱ्या चमच्यावरचे नाव कोरणाऱ्याने पहिले अक्षर चुकवल्यामुळे ‘पौलोस’चेच ‘सौलोस’ झाले असावे, असा साधा खुलासाही पूर्वीपासून केला जातो. तसे असेल तर धर्मांतराचे नाट्य सोनाराच्या हातून झालेल्या चुकीवर उभे राहते.

नाण्यांची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. थैलीत ३७ सोन्याची नाणी होती, सर्व फ्रँकांच्या प्रदेशातली (मुख्यतः आजच्या फ्रान्सकडची) आणि प्रत्येक वेगळ्या टांकसाळीतले. त्यांच्या जोडीला तीन कोऱ्या चकत्या आणि दोन लहान लगडी. या नाण्यांवर साल नसते, टांकसाळीचे किंवा टांकसाळ्याचे नाव असते. सुरुवातीला तज्ज्ञांनी ती ६५० नंतरची ठरवली होती आणि त्या हिशेबाने रेडवाल्ड बादच होत होता, कारण तो तोवर पाव शतक आधी मेलेला होता. पुढे सोन्याचा कस मोजण्याची पद्धत आली. सातव्या शतकात फ्रँक नाण्यांतले सोने दशकागणिक हिणकस होत गेले, म्हणून कसावरून काळाचा क्रम लावता येतो, आणि त्या मोजणीने ही नाणी ६२५ च्या आसपास आली. म्हणजे बीड तोच होता, थडगे तेच होते आणि निष्कर्ष मात्र उलटा झाला. ३७ नाणी आणि तीन चकत्या मिळून चाळीस वल्हेकऱ्यांची मजुरी, आणि लगडी सुकाणू धरणाऱ्याची, असाही एक तर्क आहे. तो ऐकायला गोड आहे आणि पाहुण्यांना सांगायला मला आवडतो, पण सांगताना मी ‘तर्क’ हा शब्द दोनदा उच्चारतो.

सराफकट्टा

मी पिढीजात सराफ आहे, पुरातत्त्वातले मला काही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी लंडनला मुलीकडे गेलो असताना ब्रिटिश संग्रहालयात त्या खांद्याच्या जोडपट्ट्या पाहिल्या आणि बराच वेळ तिथून हललो नाही. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या करून घरे केली आहेत आणि प्रत्येक घरात त्याच्याच आकाराचा लाल खडा घासून बसवला आहे. कडेला पायऱ्यांसारख्या कापाचे खडे आहेत. ते एकमेकांत इतके नेमके बसतात की चाकावर घासणाऱ्या कारागिराचा हात किती स्थिर असेल याची कल्पना करावी. खड्याच्या पाठीला बारीक चौकड्यांचा ठसा मारलेला सोन्याचा पत्रा आहे, त्यामुळे आत शिरलेला उजेड चौकड्यांवर फुटून परत येतो. नुसते कोंदण करून भागले असते, कारण खडा घट्ट बसतोच. पण मग तो काळा दिसला असता. गडद लाल गार्नेटला पाठीमागून उजेड द्यावाच लागतो, हे आमच्याकडे उमेदवारीच्या पहिल्या वर्षात कळते.

माझा प्रश्न असा, की इतके लाल दगड त्यांनी आणले कुठून? इंग्लंडमध्ये तर अशी खाण ऐकिवात नाही. आणि हे म्हणजे आपले गोमेद का?

डेबेनकाठी

गोमेद हा गार्नेटच्याच कुळातला, पण पिवळसर-तपकिरी झाकेचा. ही गार्नेट प्रामुख्याने अल्मंडाइन जातीची, गडद लाल. त्या काळच्या युरोपातल्या दागिन्यांतील खड्यांची रासायनिक तपासणी झाली आहे आणि त्यातून असे दिसते की सहाव्या शतकापर्यंतचे पुष्कळसे मोठे, पातळ कापता येणारे खडे भारतातून व श्रीलंकेतून गेलेले होते. पुढे हा पुरवठा आटला आणि बोहेमियातले (आजच्या चेक प्रदेशातले) बारीक खडे वापरात आले. प्रिटलवेलच्या लायरच्या जोडावर बसवलेली गार्नेटही भारतीय उपखंडातली किंवा श्रीलंकेतली असावीत असा निष्कर्ष निघाला आहे. त्या वाद्याचे लाकूड मातीवरचा एक डाग होऊन उरले होते. धातूचे जोड आणि हे खडे डागावर जागच्या जागी होते, म्हणून तर त्याचा पूर्ण आकार मिळाला.

रानजाई

राजे, जहाजे आणि सोने यांच्या गर्दीत एक गोष्ट निसटते आहे, ती नोंदवते. त्या काळचे बहुसंख्य लोक टेकाडाखाली गेलेच नाहीत. नॉर्फकमधील स्पाँग हिल येथे दोन हजारांहून अधिक दहनविधी झालेल्यांच्या अस्थी मातीच्या हाताने घडवलेल्या कलशांत पुरलेल्या सापडल्या. हे पाचव्या-सहाव्या शतकांतले लोक. त्यांच्या वस्तू आधी आगीने चाळल्या आणि नंतर मातीने. काचेच्या मण्यांचे वितळून गोळे झाले, ब्रोच वाकले. कलशात मात्र कधी कधी चिमटे, कातर आणि वस्तरा यांच्या छोट्या प्रतिकृती न जळलेल्या मिळतात. म्हणजे त्या चितेवर ठेवल्याच नव्हत्या, अस्थी गोळा करताना मुद्दाम आत टाकल्या. इथे माती किंवा चोर यांच्या आधी माणसाची निवड दिसते, आणि तीही अगदी घरगुती.

स्त्रियांच्या थडग्यांकडेही पाहावे. खांद्यांवर वस्त्र अडकवणारे ब्रोच, त्यांच्यामध्ये लोंबणाऱ्या अंबरच्या व काचेच्या मण्यांच्या माळा, कमरेला किल्लीसारखे आकडे. पुष्कळ ब्रोच झिजलेले आणि दुरुस्त केलेले असतात. म्हणजे ती वस्तू अंत्यविधीसाठी नव्याने घडवली नाही, ती त्या बाईने वर्षानुवर्षे वापरली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासात पूर्व व दक्षिण इंग्लंडमधील त्या काळच्या लोकांची सुमारे ७६ टक्के वंशपरंपरा उत्तर समुद्रापलीकडच्या युरोपीय किनाऱ्याकडची निघाली. त्यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे : समुद्रापलीकडची वंशपरंपरा असलेल्या स्त्रियांबरोबर ब्रोचसारख्या वस्तू अधिक वेळा आढळतात, परंतु शस्त्रांसह पुरलेल्या पुरुषांत असा फरक दिसत नाही. स्थानिक वंशाचा मुलगाही भाला घेऊन पुरला जात होता.

आणि भाला म्हणजे योद्धा हेही समीकरण धरू नये. ज्यांना भाला पेलवणार नाही अशा लहान मुलांच्या शेजारीही तो मिळतो. अनेकदा ढालीचे लाकूड जाऊन मधले लोखंडी फूल तेवढे छातीवर पडलेले असते.

खापरखुणा

रानजाई, सहमत. चाळण्यांच्या यादीत मी आणखी एक घालतो, ती म्हणजे हौशी खोदणाऱ्यांची. ब्रायन फॉसेट नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकात केंटमध्ये शेकडो टेकाडे उघडली. १७७१ मध्ये किंग्स्टन डाउन येथे त्याला सोन्याचा, गार्नेट बसवलेला अप्रतिम ब्रोच मिळाला. गंमत अशी की तो ही सारी थडगी अँग्लो-सॅक्सनांची मानतच नव्हता. तरीही प्रत्येक थडग्याची नोंद त्याने ठेवली, हे उपकारच. पुढे हा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाने घेण्याचे नाकारले, तेव्हा लिव्हरपूलचे सोनार जोसेफ मेयर यांनी तो विकत घेतला, आणि म्हणून तो आज लिव्हरपूलमध्ये आहे. सराफसाहेब, आपल्या व्यवसायबंधूंनी लाज राखली म्हणायची. टॅप्लो येथे १८८३ मध्ये टेकाड खणताना ते खोदणाऱ्यांवरच ढासळले. वस्तू राजाच्या तोडीच्या निघाल्या, पण कोणती नेमकी कुठे होती हे कळण्याचा मार्ग बराचसा बुजला.

वाचनवारी

फारच माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली आहे. दोन शंका आहेत. एवढा खजिना ईडिथ प्रिटी यांच्याकडून सरकारने जप्त कसा केला नाही? आणि सटन हूच्या वाळूत मानवी देह कधीच कोणत्याही रूपात सापडला नाही का?

डेबेनकाठी

पहिल्या शंकेचे उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे. परत काढून घेण्याच्या हेतूने दडवलेले सोने-चांदी राजसत्तेचे, असा तो नियम होता. ऑगस्ट १९३९ मध्ये चौकशी मंडळासमोर प्रश्न आला तेव्हा असे ठरले की, शेकडो माणसांनी नदीतून जहाज चढावर ओढून आणले, सर्वांच्या देखत भरले आणि वर टेकाड घातले, त्यात परत काढण्याचा हेतू असणे शक्य नाही. म्हणून मालकी प्रिटी बाईंची झाली, आणि त्यांनी ते सारे ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकले. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झाले. वस्तू लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यात सुरक्षित राहिल्या. उघड्या पडलेल्या जहाजाच्या ठशाभोवतीच्या माळावर मात्र लष्कराच्या गाड्यांचा सराव चालला. १९६० च्या दशकात संग्रहालयाने ठसा पुन्हा मोकळा करून त्याचा प्लास्टरचा साचा घेतला.

दुसरी शंका नेमकी आहे. देह सापडले, पण वाळूचे. हाड विरघळल्यावर त्याच्या जागची वाळू काळपट व घट्ट होते, आणि अतिशय हळू काम केले तर वळलेले पाय, पाठीमागे बांधल्यासारखे हात असा आख्खा माणूस हाताला लागतो. कार्व्हर यांच्या १९८३ ते १९९२ च्या उत्खननात असे कितीतरी निघाले. त्यांतले बहुतेक राजांचे सोबती नव्हते. राजवंश ख्रिस्ती झाल्यावर आठव्या ते अकराव्या शतकांत हाच माळ फाशी देण्याची जागा बनला होता, त्या काळचे हे गुन्हेगार. त्यांच्यासोबत वस्तू नाहीत.

सतराव्या टेकाडातल्या तरुणाचे मात्र हाडही बऱ्यापैकी टिकले. शवपेटीत तलवार, बाहेर ढाल, भाले, कढई, बादली, मांसाचा शिधा आणि एक कंगवा. शेजारच्या खड्ड्यातल्या घोड्याचा लगाम सोन्याचा मुलामा दिलेल्या चकत्यांनी सजवलेला. सराफसाहेबांना एक विचारायचे आहे : या तरुणाच्या पट्ट्याच्या थैलीत कशातही न बसवलेली काही सुटी गार्नेट होती. एक तर पक्ष्याच्या चोचीच्या आकाराचे कापलेले. पंचविशीच्या घोडेस्वाराने असे खडे का बाळगले असतील?

सराफकट्टा

चोचीच्या आकाराचा खडा कोणी नुसता कापून ठेवत नाही. तो पक्ष्याच्या आकृतीतून निखळलेला असणार, म्हणजे त्याला घर होते. कोंदण सैल झाले की खडा पडतो. आजही गिऱ्हाईक असा पडलेला खडा पुडीत बांधून खिशात ठेवते आणि आमच्या पेढीकडे येणे झाले की काढून देते. कित्येकदा वर्षभर ती पुडी तशीच खिशात फिरते. त्याचे सोनाराकडे जायचे राहून गेले असेल.

डेबेनकाठी

हा खुलासा मी कुठेही वाचलेला नाही. पुढच्या पाहुण्यांना सांगेन, ‘तर्क’ हा शब्द दोनदा उच्चारून.